दाराखालची सपात

पहाटे तीनला आगीचा अलार्म वाजला तेव्हा अकरा नंबरच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. खाली आजींचीच सपात. मीच सारलेली.

स्कॉटलंडमधल्या ज्या केअर होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, मी काम करते तिथलं प्रत्येक दार जड, आगीपुढे अर्धा तास तग धरणारं आणि आपोआप मिटणारं. माझं या दारांशी पहिल्या दिवसापासून वाकडं आहे. ट्रे घेऊन जाताना पाठीवर आपटतात. आणि अकरा नंबरच्या आजींना बंद दाराआड घुसमटतं. (तोंडावर नावानेच हाक मारायची असते, माझी जीभ अजून रेटत नाही.) रोज रात्री म्हणतात, ‘हेन, थोडं उघडं ठेव.’ हेन म्हणजे ग्लासगोकडचं ‘गं पोरी’. आपल्याकडे भरदिवसा दार लावलं तर शेजारीण येऊन विचारते, बरं नाही का? मग मी काय करणार होते?

सिनिअरने अलार्मच्या पॅनेलवर झोन, म्हणजे कुठल्या भागातला अलार्म आहे ते, पाहिलं आणि मला आधी ९९९ हा आणीबाणीचा नंबर लावायला लावलं. मला आजींना उचलून अंगणात पळायचं होतं. तसं करायचं नसतं. आगीच्या भागातून फायर डोअरपलीकडच्या भागात न्यायचं, फक्त तेवढंच. चालता न येणारी माणसं जानेवारीच्या थंडीत बाहेर काढून करायचं काय?

पॅन्ट्रीत टोस्ट जळाला होता. बंब आला, गेला. मग सिनिअरला सपात दिसली.

ती ओरडली नाही. म्हणाली, ‘रोजपार्क.’ अडिंग्स्टनचं केअर होम, आमच्यापासून फार लांब नाही. ३१ जानेवारी २००४, पहाट. कपाटातल्या वायरिंगमधून आग लागली आणि १४ वृद्ध गेले. अलार्म वाजल्यावर फायर ब्रिगेडला फोन जायला नऊ मिनिटं लागली. खोल्यांची दारं उघडी, त्यामुळे धूर थेट आत.

मला रागच आला. आमच्याकडे म्हातारं माणूस एकटं झोपतच नाही, कुणीतरी उशाशी असतं, असं काहीतरी बोलूनही गेले. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीत दहा तान्ही बाळं गेली, तेव्हा ‘परदेशात असं होत नाही’ असं फेसबुकवर लिहिणारी मीच होते. ते तिला सांगितलं नाही.

घटनेच्या फॉर्मवर सपातीचा उल्लेख मी स्वतः केला. आता अकरा नंबरला दार धरून ठेवणारं यंत्र मागवलंय, अलार्म ऐकला की ते दार आपोआप सोडतं. तोवर आजींना झोप लागेपर्यंत मी दारात खुर्ची टाकून बसते. उठताना खुर्ची आधी उचलायची, हे सिनिअरने तीनदा बजावलंय.