तुम्ही विचारलंत म्हणून: माझं काम यूट्यूबवर का नाही

लग्नात भेटलेले नातेवाईक असोत, जुने मित्र असोत की मेसेज करणारी अनोळखी मुलं, प्रश्न एकच. तू व्हिडिओ करतेस ना, मग यूट्यूबवर का नाही टाकत, लिंक तरी पाठव, आम्ही बघायचं कधी? आजवर मी विषय बदलत आलेय, कारण खरं उत्तर लांबलचक आहे आणि उभ्या उभ्या देता येत नाही. पण मध्यंतरी अगदी जवळच्या मैत्रिणीने "आपल्या माणसांना दिसणारच नसेल तर करतेस कोणासाठी" असं विचारलं आणि ते लागलं. म्हणून एकदाचं लिहून टाकतेय.

आधी पैशांचं सांगते, कारण सगळ्यांना वाटतं कारण तेच असणार. मी करते ती व्हिडिओ आर्ट, म्हणजे गॅलरीत आणि म्युझियममध्ये मांडायचे व्हिडिओ, आणि ती एडिशनमध्ये, म्हणजे मोजक्या ठरावीक प्रतींत विकली जाते. माझ्या एका कामाच्या पाच प्रती, वर माझ्याकडे राहणाऱ्या दोन, संपलं. म्युझियमने घेतलं तर त्यांना हार्ड डिस्कवर मास्टर फाइल, दाखवायची वेगळी कॉपी, सही केलेलं सर्टिफिकेट आणि पानंच्या पानं सूचना जातात, म्हणजे खोली केवढी हवी, भिंत कुठल्या रंगाची, प्रोजेक्टर किती ल्युमेनचा म्हणजे किती उजेडाचा, स्पीकर कुठे, उद्या हा फॉरमॅट चालेनासा झाला तर फाइल कशात बदलायची, सगळं. तेच फुकट नेटवर असेल तर घेणारा विचार करतो, हे खरंय. पण विक्री होते तरी किती! माझं घर चालतं ते दुसऱ्यांच्या फिल्म एडिट करून, थोडं शिकवून आणि मिळाली तर ग्रँट, त्यावर. बर्लिनमध्ये राहते म्हणून केएसके आहे, म्हणजे कलाकारांसाठीची विमा योजना, १९८३ पासून चालू आहे, त्यात हेल्थ इन्शुरन्स आणि पेन्शनचा साधारण निम्मा हप्ता आपण भरायचा आणि बाकीचा सरकार आणि कलाकारांकडून काम करून घेणाऱ्या कंपन्या भरतात. त्यात राहायला कलेतून वर्षाला निदान ३९०० युरो कमाई दाखवावी लागते, अगदी नवीन असाल तर सूट असते. वर्षाला, महिन्याला नाही. आणि तेवढे दाखवतानाही माझ्यासारख्या अनेकींना धाकधूक असते. "युरोत कमावतेस, तुला काय" असं कृपा करून परत म्हणू नका.

पण पैसे हे माझं कारण नाही. कॉलेजमधून बाहेर पडले तेव्हा मी केलेलं सगळं नेटवर टाकत होते आणि एडिशन काढणाऱ्यांशी कडाकडा भांडत होते. व्हिडिओची कॉपी काढायला खर्च काहीच येत नाही, मग मुद्दाम पाचावर का अडवायचं, ज्याला हवं त्याने बघावं, असं म्हणायचे. ती मी आज समोर आली तर तिचा हा मुद्दा मला खोडता येणार नाही. एवढंच म्हणेन की बाई, तू तेव्हा एका स्क्रीनवर मावणारं काम करत होतीस.

कारण आता जे करते ते फाइलमध्ये मावत नाही. तीन पडदे, मध्ये तुम्ही उभे, एकाकडे बघाल तर दुसरा सुटतो, आणि काय सुटू द्यायचं हे तुम्हीच ठरवायचं, काम म्हणजे ते. ही काही माझी टूम नाही. व्हिडिओ आर्टची सुरुवात करणाऱ्यांपैकी एक, कोरियन कलाकार नाम जून पैक यांनी १९६३ मध्ये जर्मनीत वुपरतालला मुद्दाम बिघडवलेले टीव्ही सेट एका गॅलरीत मांडले तेव्हापासून संच, जागा आणि फिरणारा माणूस हे सगळं मिळूनच काम आहे. त्यांचा १००३ टीव्हींचा मनोरा दक्षिण कोरियात १९८८ पासून उभा आहे, संच जुने होऊन धोका वाढला म्हणून २०१८ मध्ये तो बंद केला आणि दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये पुन्हा लावला. त्यावर चालणारी चित्रं कोणीही कॉपी करू शकलं असतं, पण जीव ओतला तो त्या डब्यांवर. आणि हे तिकडचं फॅड म्हणणाऱ्यांसाठी, मुंबईत चित्रकार अकबर पदमसींनी १९६९ मध्ये व्हिजन एक्सचेंज वर्कशॉप सुरू केलं, म्हणजे कलाकारांनी एकत्र येऊन प्रयोग करायची जागा, चित्रकार नलिनी मालानींनी तिथे फिल्म करायला सुरुवात केली आणि त्यांचं १९६९-७६ चं 'युटोपिया' दोन प्रोजेक्शन शेजारी शेजारी ठेवूनच बघायचं असतं. आपल्याकडे हे पन्नासहून जास्त वर्षं आहे.

हे सगळं मी कुठल्याही मुलाखतीत सांगते. जे सांगत नाही ते आत्याचं.

काका गेल्यानंतर आत्या बोलायचीच बंद झाली होती. त्या सुट्टीत मी तिच्याकडे राहिले. ती सकाळी केस सोडून बसायची, गुंता काढायची, पुन्हा पुन्हा त्याच बटेतून फणी फिरवायची. मी विचारलं, शूट करू का? तिने विचारलं, कोण बघणार? मी म्हटलं, तिकडे, एका अंधाऱ्या खोलीत, अनोळखी लोक, एका वेळी चार-पाच जण, तू खरी आहेस तेवढीच मोठी दिसशील, कोणी बोलणार नाही. बराच वेळ विचार करून ती म्हणाली, मग चालेल. तीन पडद्यांचं काम झालं, पाठ, हात आणि चेहरा, आणि माझं नाव थोडंफार झालं ते त्यानेच.

मग एका ग्रुप शोमध्ये, म्हणजे अनेक कलाकारांच्या एकत्र प्रदर्शनात, कोणीतरी फोनवर त्यातला एक तुकडा शूट केला. फक्त चेहऱ्याचा पडदा. त्यावर एक रडकं गाणं चढवलं, खाली विरहावर दोन ओळी, आणि टाकलं. ते फिरत फिरत आमच्याच फॅमिली ग्रुपवर आलं, ज्या भावाने टाकलं त्याने आधी ओळखलंसुद्धा नाही, नंतर ओळखलं आणि मग खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. मी रात्रभर रिपोर्ट करत बसले, एक काढलं की दुसरीकडे दिसायचं, गॅलरीला मेल केले तर त्यांनी माफी मागितली आणि फोटोला परवानगी हा त्यांचा नियमच आहे असं कळवलं. सकाळी आत्याचा फोन आला. ती रागावली नव्हती. "तू अंधारात म्हणाली होतीस ना गं," एवढंच म्हणाली. मी समजावत राहिले, कसं झालं, कोणी केलं, माझा हात नाही त्यात. ती ऐकत होती. मग म्हणाली, देवळात बायका येऊन माझ्याकडे बघून डोळे पुसतात, मला जाववत नाही आता.

तर लिंक मागितलीत की मला आत्याचं ते अंधाराचं वाक्य ऐकू येतं. तुम्ही चांगल्या मनाने मागता हे मला माहितीये. पण पडद्यावरच्या माणसाला मी एक जागा कबूल केलेली असते आणि फाइल हातातून सुटली की ती जागा राहत नाही. आता माझ्या करारात खोलीत फोन काढायचा नाही ही अट असते, त्यापायी एक शो गेलाही, जाऊ दे.

मात्र याची दुसरी बाजूही आहे आणि ती मला झोपू देत नाही. आत्याने स्वतः ते काम कधी त्या खोलीत बघितलेलं नाही. मी तिला दाखवलं ते लॅपटॉपवर, तिन्ही पडदे बारीक करून एका स्क्रीनवर शेजारी शेजारी, म्हणजे जे मी तुम्हाला नाकारते तेच. आणि ती म्हणाली, छान झालंय. अनोळखी लोकांना ती पूर्ण उंचीची दिसली आणि तिला स्वतःला वीतभर. गावाकडे तीन प्रोजेक्टर, काळी खोली, माणसं, हे उभं करायचा खर्च कुठल्याच ग्रँटमध्ये बसत नाहीये, दोनदा अर्ज केला. मैत्रीण म्हणाली ते इथे अगदी बरोबर लागू पडतं आणि माझ्याकडे त्यावर उत्तर नाही.

सध्या एका निवृत्त एसटी ड्रायव्हरवर काम चाललंय. यावेळी शूटिंगच्या आधीच त्यांना विचारलं, काका, हे कुठे दाखवलेलं तुम्हाला चालेल? क्षणाचाही विचार न करता म्हणाले, यूट्यूबवर टाका, नातवंडं बघतील, बाकी कुठे दाखवायचं ते तुमचं तुम्ही बघा. मी त्यांना अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.