ट्रोनाचे सुळके: शेवटचे पाच मैल

'ट्रोनाच्या सुळक्यांपर्यंत कुठलीही साधी गाडी आरामात जाते' असं ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांनी एकदा पावसानंतर जाऊन दाखवावं!

कॅलिफोर्नियातल्या या चुनखडीच्या सुळक्यांना, म्हणजे ट्रोना पिनॅकल्सला जाताना हायवे 178 सोडला की साधारण पाच मैल कच्चा रस्ता आहे, सर्ल्स तळ्याच्या आटलेल्या पात्रातून. एरवी पन्हाळी पत्र्यासारखा खडखडतो, दातावर दात आपटतात, पण गाडी पोचते. आम्ही गेलो त्याच्या आदल्या दिवशी पाऊस झाला होता. वर पांढरी, सुकलेली पापडी आणि तिच्याखाली खारट, चिकट राखाडी चिखल. टायरच्या खाचा बुजल्या की चाक जागच्या जागी फिरत राहतं. गाडी ओढून काढायचा फोनवर सांगितलेला भाव ऐकून आधी हसूच आलं. शेवटी हातांनी चिखल उपसला, गाडीतली पायपुसणी चाकांखाली घातली आणि निघालो. भाड्याच्या गाडीच्या करारात बहुधा कच्च्या रस्त्याला मनाईच असते, तेव्हा विम्याच्या भरवशावर राहू नका.

नुकताच पाऊस झाला असेल तर जाऊ नका. फारच हौस असेल तर गाडी हायवेजवळ ठेवून चालत जा. सह्याद्रीत पायपीट केलेल्यांना ही सपाटी किरकोळ आहे, मात्र सावली शून्य. उन्हाळ्यात विचारही नको.

आणि एवढं करून सुळके? अफाट! 500 हून जास्त आहेत, काही 140 फूट उंच. तळं भरलेलं होतं तेव्हा तळाच्या भेगांतून कॅल्शियमचं पाणी वर येई, तळ्याच्या खाऱ्या पाण्यात मिसळे आणि चुनखडीचे थर साचत. हे काम 10,000 ते 1,00,000 वर्षांपूर्वीचं. हात लावला तर दगड भोकाभोकांचा, खरखरीत, बोटांना पांढरी भुकटी लागते. म्हणूनच वर चढू नका, ढासळतो. 1968 पासून हे नॅशनल नॅचरल लँडमार्क, म्हणजे राष्ट्रीय महत्त्वाचं नैसर्गिक ठिकाण आहे. प्रवेश फुकट, तंबूही फुकट. पिण्याचं पाणी नाही. पाणी-पेट्रोल जवळच्या रिजक्रेस्ट गावातच भरा आणि मावळतीच्या दोन तास आधी पोचा.

पुढचे डेथ व्हॅलीतले दिवस छान गेले, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

परतताना केलेला आंबॉय क्रेटर 1973 पासून नॅशनल नॅचरल लँडमार्कच्या याच यादीत आहे. 250 फुटी ज्वालामुखीची टेकडी, पश्चिमेच्या खिंडारातून सरळ आत जाता येतं. ट्रोनापुढे डावाच. त्या भागात पेट्रोलचा दर मात्र शहराच्या मानाने लूट आहे. टाकी भरूनच जा.