तुम्ही विचारलंत म्हणून: पॉलिमर क्लेचे कानातले तुटतात का?

भाजल्यावर छान दिसणारं कानातलं जरा वाकताच कडकन मोडतं आणि मग प्रश्न येतो, "क्ले खराब निघाली का?" बहुतेक वेळा क्ले चांगलीच असते, भाजणं कच्चं राहिलेलं असतं.

ही क्ले म्हणजे माती नव्हेच. पीव्हीसीची बारीक पूड, तिला मऊ ठेवणारं प्लॅस्टिसायझर आणि रंग, एवढंच तिच्यात असतं. म्हणून ती हवेवर वाळत नाही. उष्णता मिळाली की पुडीचे कण प्लॅस्टिसायझर शोषून फुगतात आणि एकजीव होतात. तापमान कमी पडलं तर वस्तू हाताला कडक लागते, पण आत कण नीट जुळलेले नसतात. खात्री करायची तर त्याच क्लेची 2 मिमी जाडीची पट्टी सोबत भाजा आणि गार झाल्यावर वाकवा. वाकून पुन्हा सरळ झाली तर काम पक्कं. मोडली तर वस्तू फेकू नका, योग्य तापमानाला पुन्हा भाजा.

योग्य म्हणजे किती, ते पाकिटावर असतं आणि ब्रँडनुसार बदलतं: फिमोला 110 अंश सेल्सियस, प्रीमोला 130, काटोला 150 च्या आसपास. वेळ साधारण अर्धा तास, जाड वस्तूला जास्त. ओव्हनच्या बटणावरचा आकडा मात्र खरा मानू नका. छोट्या ओव्हनमध्ये 15-20 अंशांचा फरक सहज पडतो. पहिली खरेदी ओव्हन थर्मामीटरची करा, कटर आणि साचे नंतर घेता येतील. थर्मामीटर वस्तूच्या शेजारी, त्याच उंचीवर ठेवा आणि आकडा स्थिर झाल्यावरच वस्तू आत सरकवा. वर फॉइलचं सैल झाकण घाला, नाहीतर पांढरा आणि पारदर्शक रंग तांबूस पडतो. वेळ वाढली तर सहसा बिघडत नाही, तापमान वाढलं तर बिघडतं. 175 च्या पुढे क्ले करपू लागते आणि घशाला झोंबणारा आम्लाचा धूर सुटतो. तसं झालं तर ओव्हन बंद करा, खिडक्या उघडा आणि खोलीबाहेर थांबा.

कधीकधी दोष क्लेच्या जातीचाही असतो. स्कल्पी थ्री मऊ आणि हाताळायला सोपी, पण नीट भाजूनही पातळ भागांत ठिसूळच राहते. मण्यांना चालेल. लांब लोंबत्या कानातल्यांना प्रीमो किंवा फिमो प्रोफेशनल घ्या.

पृष्ठभागावर फुगे आले तर मळताना हवा अडकलेली असते. पास्ता मशीनमध्ये, म्हणजे क्ले लाटायच्या रोलरच्या यंत्रात, क्लेची घडी आधी घाला, उघडी बाजू शेवटी, म्हणजे हवा मागून निघून जाते. आणि चकाकीसाठी नेलपॉलिश लावू नका. त्यातले द्रावक क्लेशी जुळत नाहीत, थर काही आठवड्यांत चिकट होतो आणि त्यावर धूळ बसते. पाण्यात बनलेलं अ‍ॅक्रिलिक व्हार्निश वापरा, किंवा 400 पासून 1000 नंबरपर्यंतच्या वॉटरपेपरने पाण्याखाली घासून सुती कापडाने चमकवा.