मिशी गेली, मग नाकातले केसही गेले

टक्कल पडलेला शेतकरी ही आमच्या यवतमाळकडे काही बातमी नाही. म्हणून न्हाव्यानं कानामागचा रुपयाएवढा गुळगुळीत डाग आरशात दाखवून "भाऊ, चाई पडली तुमाले" म्हटलं, तेव्हा घरात कोणी मनावर घेतलं नाही. मायनं गुंज उगाळून लावली, तर फोड आले. जवळच्या डॉक्टरनं गजकर्ण समजून मलम दिलं. डाग वाढले, एकमेकांत मिसळले. मग भुवया गेल्या, पापण्या गेल्या आणि शेवटी मिशी गेली.

डोकं आणि मिशी दोन्ही साफ असलेला माणूस दिसला की आमच्याकडे लोक एकच अर्थ काढतात. बाजारात दूरच्या नात्यातल्या एका मामानं माझा हात धरला, "कवा गेला रे बुढा? सांगतलंही नाही आमाले!" बाबा बाजूच्याच दुकानात वांगी निवडत होते. तिथूनच म्हणाले, "मी इथंच उभा आहो ना बाप्पा." मामा त्या दिवशी जे पळाले, ते पुढं लग्नातच भेटले.

यावर गावात भरपूर बोलून झालं. माझं जगणं अवघड केलं ते मात्र कोणाला न दिसणाऱ्या गोष्टींनी. नाकातले केस गेले की काय होतं, याचा विचार कोण करतो? नाक कधी वाहील याचा नेम राहत नाही. निंदणाला वाकलो की थेंब सरळ खाली पडतो, आधी हुळहुळतसुद्धा नाही, कारण पाणी अडवायला आत काही उरलेलंच नसतं. सोयाबीन काढताना थ्रेशरमधून कुटार उडतं, ते थेट आत जातं आणि मग रात्रभर शिंका आणि खोकला. उन्हाळ्यात तेच नाक आतून इतकं कोरडं पडतं की रक्त येतं.

डोळ्यांचं त्याहून वाईट. भुवया घाम अडवतात हे भुवया गेल्यावर कळलं. मे महिन्यात कपाळावरचा घाम सरळ डोळ्यांत उतरायचा आणि हातातलं काम सोडून डोळे चोळत बसावं लागायचं. पापणीच्या केसाला काही लागलं की डोळा आपोआप मिटतो. माझा मिटायचाच नाही, संध्याकाळी गाडीवर चिलटं आत गेल्यावरच कळायचं. हातापायांवरची लव गेल्यामुळे डास बसलेला समजत नाही, चावल्यावर समजतो. गोठ्याच्या टिनाला डोकं किती वेळा आपटलं ते विचारू नका. केस होते तेव्हा टिनाचा नुसता स्पर्श झाला तरी मान खाली जायची. नखांवर तर अंगुस्तानासारखे खड्डे पडले. वेचणीत कापसाचे तंतू त्यांच्या खरबरीत कडांत अडकायचे आणि वाळल्या बोंडाचं टोक लागलं की नख चिरायचं.

फवारणी मी तेव्हाच सोडली. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले, ते आम्ही जवळून पाहिलं आहे. पापण्या आणि नाकातले केस नसताना पाठीवर पंप घ्यायची माझी छाती झाली नाही. आता फवारणी धाकटा भाऊ करतो आणि त्याच्या वाटचं ओलित मी सांभाळतो.

नागपूरला त्वचारोगाच्या डॉक्टरांनी नखं पाहिली आणि तिथंच आजार ओळखला. ॲलोपेशिया अरीआटा. अंगातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशीच केसाच्या मुळाभोवती गोळा होऊन हल्ला करतात. मूळ मरत नाही, म्हणून केस परत येऊ शकतात. हा रोग संसर्गाचा नाही, कीड नाही, पाण्याचा दोष नाही. या आजारासोबत थायरॉइडचा त्रासही बऱ्याचदा असतो म्हणून रक्त तपासलं, तर तोही निघाला. डाग मोजके असते तर त्यात स्टेरॉइडची सुई दिली असती, पण माझं सगळं अंगच गेलेलं. मी नाकाचं आणि डोळ्यांचं सांगितलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवून पूर्ण ऐकून घेतलं. तोवर कोणी विचारलं नव्हतं आणि मीही लाजेनं बोललो नव्हतो. नाकाचं काय सांगायचं डॉक्टरला!

त्यांनी दिलेले उपाय साधेच होते. नाकात सलाईनचे थेंब, झोपताना कडेला व्हॅसलिन. डोळ्यांत अश्रूंसारखे थेंब आणि बाहेर पडताना बाजूनं बंद असलेला बिननंबरी चष्मा. दुपट्टा घडी करून कपाळावर घट्ट बांधायचा ही युक्ती आमच्या सौभाग्यवतीची. मळणीला मास्क. तो बांधला की पोट्टे अजून "कोरोना आला" म्हणून ओरडतात.

मग गोळ्यांचा विषय निघाला. टोफासिटिनिब ही मूळची सांधेवाताची गोळी. त्याच जातीच्या बॅरिसिटिनिबला अमेरिकेत जून २०२२ मध्ये मोठ्या माणसांच्या तीव्र ॲलोपेशियासाठी मंजुरी मिळाली. या गोळ्या शरीराची लढायची ताकद दाबतात, त्यामुळे अंगात झोपलेला टीबी जागा होऊ शकतो, नागीण उठू शकते. म्हणून आधी छातीचा एक्स-रे, टीबीची आणि काविळीची तपासणी, आणि गोळ्या सुरू झाल्यावरही ठरावीक काळानं रक्त. बंद केल्या की केस पुन्हा गळू शकतात, हेही त्यांनी आधीच सांगितलं. बायको म्हणाली, "केसासाठी एवढं जहर काऊन खायचं?" केसांसाठी मी खाल्लंही नसतं. मला पापण्या पाहिजे होत्या.

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस काही दिवसांतच गळू लागले, तेव्हा माझा फोन थांबेना. "तुयंही तेच हाय का?" तिथं आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचं पथक आलं, पुढं सेलेनियम या खनिजाचं नाव निघालं. तो प्रकार वेगळा, माझा वेगळा, हे समजावता समजावता मी थकलो. एकानं तर आमच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून नेलं.

गोळ्यांनी काही महिन्यांत भुवया उगवल्या, पांढऱ्या. मग पापण्या आल्या. नाक वाहायचं थांबलं, ते नेमकं कधी हे माझ्या लक्षातही आलं नाही. डोक्यावर मात्र बेटं उगवली आहेत, ती मी दर पंधरवड्याला वस्तऱ्यानं साफ करून घेतो. मिशी एका बाजूनं दाट, एका बाजूनं विरळ. डोस वाढवून पाहू का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. डोक्याचं राहू द्या म्हटलं, आहे तेवढ्यात नाक आणि डोळे टिकले तरी पुरे. मध्यंतरी डोस कमी केला तर डाव्या डोळ्याच्या पापण्या विरळ झाल्या, म्हणून पुन्हा जुनाच सुरू आहे. पुढचं रक्त दिवाळीनंतर, सोयाबीनचे पैसे हातात आले की.