शेपटीकडून शब्द मोजताना

ओईटीची, म्हणजे नर्स-डॉक्टरांसारख्यांसाठी असलेल्या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी सुरू केली तेव्हा ग्रामरची धास्ती होती, पण घाम काढला तो वॉर्डात दिवसभर तोंडी असणाऱ्या शब्दांनी. बोलण्याच्या परीक्षेत ‘इंटेलिजिबिलिटी’ला, म्हणजे ऐकणाऱ्याला सहज कळण्याला, वेगळे गुण असतात. आपण मराठी माणसं इंग्रजीतलं प्रत्येक अक्षर ठसठशीत म्हणतो. इंग्रजीत शब्दाच्या एकाच तुकड्यावर मुख्य जोर येतो, बाकीचे बरेचसे मिटून जातात.

आधी मी शब्द तोडून लिहायला बसले. काही डिक्शनऱ्यांत शब्दाच्या मध्ये ठिपके दिसतात, तेच सिलॅबल, म्हणजे उच्चाराचे तुकडे, असं वाटतं. ते असतात ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडायचा, यासाठी. उच्चारासाठी बघायची ती वरची बारीक उभी रेघ. तिच्या लगेच पुढच्या तुकड्यावर जोर. खालची रेघ दुय्यम जोराची.

खरी गाडी रुळावर आली ती शब्द शेपटीनुसार लावल्यावर. शेवटी ‘आयटिस’ असेल तर जोर ‘आय’वर: अ-पेन-डि-साय-टिस, जोर ‘साय’वर. तोच आजार ऑपरेशनला गेला की अ-पेन-डेक-टो-मी, जोर ‘डेक’वर. कार्डिअ‍ॅकमध्ये ‘कार’वर असलेला जोर कार्डिऑलॉजीत ‘ऑ’वर सरकतो. मॅमोग्रामला ‘मॅ’, मॅमोग्राफीला मात्र ‘मॉग’. हे एकदा बसलं की नवा लांबलचक शब्दही फारसा घाबरवत नाही.

जोर देणं सोपं, उरलेलं सोडून देणं महाकठीण! ‘टेम्परेचर’मधला ‘रे’ माझ्याच्यानं गिळवेना. शेवटी मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकत बसले. जोर नसलेल्या बऱ्याच जागी आपला साधा ‘अ’ जवळपास चालून जातो, हे तेव्हा ध्यानात आलं: टेम्-प्र-चर.

सगळ्यात जपायचे ते आकडे. फिफ्टीचा जोर ‘फिफ’वर. फिफ्टीन एकटं असेल तर ‘टीन’वर. पण पुढे ‘मिलिग्रॅम’ आलं की फिफ्टीनचाही जोर बहुतेक वेळा ‘फिफ’वर सरकतो, आणि फरक उरतो फक्त लांब ‘ई’ आणि शेवटच्या ‘न’चा. औषधाच्या डोसात एवढ्यावर भिस्त ठेवायची नाही. म्हणून रोल-प्लेमध्ये पेशंट झालेल्या बाईंना मी डोस सांगितला तो असा: ‘फिफ्टीन, वन-फाइव्ह मिलिग्रॅम.’ त्यांनी मान डोलावली आणि जेवणाआधी घ्यायचं की नंतर, ते विचारलं.