तुम्ही विचारलंत म्हणून: ठासणीच्या (तोंडातून दारू-गोळी भरायच्या) रायफलीला हुक ब्रीच की पेटंट? ब्रीच म्हणजे नळीचं मागचं बंद बूड.

दर वेळी आधी प्रश्नच दुरुस्त करावा लागतो. हुक म्हणजे नळी दस्त्याला कशी अडकते ते. पेटंट म्हणजे नळीच्या बुडाचा आतला घाट. एकाच रायफलीत दोन्ही असू शकतात, पुष्कळदा असतातच.

साध्या ब्रीचमध्ये बुडाला आटे पाडलेलं सपाट तोंडाचं बूच असतं. चकमकीच्या रायफलीत रंजकाचं (पेटवणीच्या दारूचं) छिद्र त्या तोंडाच्या किंचित पुढे उघडतं, जाळ थेट दारूत शिरतो. टोपीच्या रायफलीत, म्हणजे घोड्याच्या ठोक्यानं पेटणारी छोटी टोपी वापरणाऱ्या, कधी नळीच्या बाजूला ड्रम (आटे पाडलेली छोटी पोकळ नळकांडी) बसवतात आणि त्यावर निपल (टोपी बसते ती भोकाची बोंडी). पेटंट ब्रीचमध्ये बुचातच नळीहून अरुंद कप्पा कोरलेला असतो. हेन्री नॉकनं 1787 मध्ये पेटंट घेतलं ते अशाच रचनेचं; दारू मागून, मधोमध पेटावी आणि झटकन जळावी म्हणून.

खरा घोळ या कप्प्यातच होतो. .50 ची, म्हणजे 12.7 मिमीची नळी घ्या. गजाला (ठासायच्या सळीला) चिंधी लावून घासली, चिंधी पांढरीशुभ्र आली, तेल लावलं, रायफल तोंड वर करून कोपऱ्यात उभी केली. चिंधी कप्प्याच्या तोंडाशीच अडली होती. आत काजळी राहिली आणि रात्रभर वरचं तेल ओघळून तिच्यात मुरलं. पुढच्या खेपेला घोडा पडतो, टोपी कडाडते, बार होत नाही. अशा वेळी तोंड सुरक्षित दिशेला धरून किमान 1 मिनिट थांबायचं. मग निपल काढायचं, खालच्या वाटेत चार-पाच ग्रेन (साधारण 0.3 ग्रॅम) बारीक दारू सारायची, निपल पुन्हा घट्ट बसवायचं. गोळी दारूवर टेकली आहे ना, हे गजावरच्या खुणेनं तपासायचं; मधे पोकळी राहिली तर नळी फुगते. मगच नवी टोपी.

हे टाळता येतं. कप्प्यात जाईल असा लहान ब्रश घ्या, बऱ्याचदा .32 किंवा .36 चा चालतो. त्यावर चिंधी गुंडाळून बुडाशी फिरवा. रायफल तोंड खाली करून ठेवा. भरण्याआधी रिकाम्या नळीवर दोन टोप्या उडवा, नळीचं तोंड गवताच्या पात्याजवळ धरून. पातं हललं तर वाट मोकळी.

हुक असेल तर हे सगळं सोपं जातं: घोडा अर्ध्यावर, गज बाहेर, दस्त्यातली पाचर काढायची, तोंडाकडून नळी उचलायची, बूड कोमट पाण्याच्या बादलीत. खिळ्यांनी जखडलेली नळी मात्र उगाच काढू नका, लाकडाच्या कपच्या उडतात.

“मग बूचच काढून धुतलं तर?” नको. ते पुन्हा जागेवर घट्ट टेकलं नाही, तर फटीत काजळी साचते. ड्रमही सारखा फिरवू नका. आटे झिजले की तो बाजूला उडतो, आणि बाजूला माणूस उभा असतो.

“साधाच घ्या” असं मी पूर्वी सरसकट सांगायचो. आता तेवढ्या खात्रीनं सांगवत नाही. साध्या ब्रीचलाही ड्रम असला तर जाळाला काटकोनात वळावं लागतं, आणि त्या वळणातही काजळी धरतेच.