लिक्विड कूलरची वॉरंटी मिळवताना: माझा अनुभव

इंदूरच्या मे महिन्यात कॉम्प्युटर तापणारच, हे वाक्य या उन्हाळ्यात इतक्या जणांनी ऐकवलं की आता कुणी म्हटलं की डोकं फिरतं. रामबागेतल्या आमच्या वरच्या मजल्यावर दुपारी खोली ३८ अंशांवर जाते, तेव्हा प्रोसेसरही तेवढाच वर चढणार हे मला कळतं. प्रोसेसरवरचा साधा फॅनचा किंवा लिक्विड कूलर त्याला खोलीतल्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. (लिक्विड कूलर म्हणजे प्रोसेसरवर बसणारा ब्लॉक, फॅन लावलेला रेडिएटर आणि नळ्यांतून या दोघांमध्ये पाणी फिरवणारा पंप.) पण माझं मशीन रेंडरला, म्हणजे डिझाइनचं खऱ्यासारखं चित्र तयार करायला, लावलं की पंधरा-वीस मिनिटं नीट चालायचं आणि मग थेट ९० अंशांना जाऊन टेकायचं. माझ्या रायझन ९ ५९००एक्स प्रोसेसरची ती कमाल मर्यादा. तिथे पोचला की तो स्वतःचा वेग उतरवतो, आणि जेवणाआधी व्हायचा मॉड्युलर किचनचा रेंडर रात्री उशिरापर्यंत रेंगाळतो. क्लायंटला काय सांगायचं?

मशीन मी स्वतः जोडलेलं आहे. धूळ, थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधला लेप), फॅनची दिशा हे बघायला एक दुपार पुरली. (ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती भन्नाट फिरून बेअरिंग जातं.) दोष निघाला पंपात. एचडब्ल्यूइन्फो या तापमान-वेग दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पंपाचे फेरे सुरुवातीला स्थिर, पाणी तापलं की खालीवर, मग शून्य. ब्लॉकपाशी नळीला हात लावला तर चटका, रेडिएटर मात्र कोमटसुद्धा नाही. पाणी फिरत असतं तर रेडिएटर तापायलाच हवा होता.

कूलर वॉरंटीत होता. दुकानदार म्हणाला, ‘मॅडम, सीधे सर्व्हिस सेंटर ले जाओ.’ खरी रखडपट्टी तिथून पुढे.

फॉर्मवर दोषाचे रकाने होते: चालू होत नाही, गळती, आवाज, तुटफूट. तापल्यावर पंप थांबतो, याला रकानाच नाही. काउंटरवरच्या मुलाने ‘चालू होत नाही’वर टिक केली. मी ती खोडायला लावली आणि खाली हाताने लिहिलं: लोडवर वीस मिनिटांनी पंप बंद. तुम्हीही असंच करा, कारण पहिल्या रकान्यावर टिक असली आणि पंप फिरला की तुमची तक्रारच खोटी ठरते.

कूलर आत गेला, बाहेर आला. ‘चेक कर लिया मॅडम, ओके है.’ किती वेळ चालवला? पाच मिनिटं. लोड काय दिला? काही नाही, नुसता बायोसचा, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग्जचा, स्क्रीन. आणि हे सगळं अशा एसी खोलीत, जिथे मला ओढणी खांद्यांभोवती लपेटून घ्यावी लागली. अहो, लिक्विड कूलरमधलं पाणीच आधी उष्णता पिऊन घेतं. लोडवर त्याचं तापमान स्थिरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. तापल्यावर थांबणारा पंप पाच मिनिटांत थांबेल कसा? मी समजावून सांगितलं. उत्तर आलं, ‘हमारी प्रोसीजर यही है.’ जॉबशीटवर ‘टेस्टेड ओके’ लिहून कूलर माझ्या हातात. नंतरच्या खेपांना कधी साहेब जेवायला गेलेले, कधी सिस्टीम डाउन. पंपाच्या फेऱ्यांचा लॉग (नोंद) छापून नेला तर तो कुणी वाचेना.

शेवटी कूलर परत बसवून अख्खं कॅबिनेटच ऑटोत घालून नेलं. नेताना मदरबोर्डची बाजू खाली येईल असं आडवं ठेवा, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचं वजन स्लॉटवर लटकत नाही. त्यांचाच मॉनिटर जोडला, प्रोसेसरला पूर्ण कामाला लावणारी सिनेबेंच आर२३ची तीस मिनिटांची चाचणी लावली आणि समोर उभी राहिले. एसी चालू असूनही पंपाचा आकडा डळमळला, मग शून्य. तापमान ९०. साहेब आतून आले, स्वतः नळीला हात लावला, पटकन मागे घेतला आणि कागदावर ‘अप्रूव्ह्ड’ लिहिलं. त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो रेंडर वेळेवर संपल्यावरही होत नाही.

बदली पीस येईपर्यंत काम थांबवता येत नव्हतं. या प्रोसेसरबरोबर डब्यात कूलर येतच नाही. म्हणून आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून साधा टॉवर एअर कूलर आणला आणि बायोसमध्ये ६५ वॉटचा ईको मोड (प्रोसेसरला कमी वीज देणारी सेटिंग) लावला. नाव ६५चं असलं तरी एरवी १४२ वॉटपर्यंत जाणारी वीज प्रत्यक्षात ८८वर अडते. रेंडर थोडा लांबतो, पण तापमान चांगलंच उतरतं. मेच्या दुपारी मी अजूनही तोच मोड ठेवते. लिक्विड कूलर बिघडला असा संशय आला तर आधी हा मोड लावून बघा, काम तरी सुरू राहतं.

नवा पीस बसवताना रेडिएटर वर ठेवला. पंप सगळ्यात उंच जागी आला तर आतली हवा त्यातच साठते. एक सांगायचं राहिलं: बदली पीस घेताना त्याचा सिरियल नंबर जॉबशीटवर चढलाय का, हे बघूनच निघा. माझ्या कागदावर जुनाच नंबर होता. काउंटरवरून न हलता तो बदलून, सही-शिक्का घेतला.